रविवारचा टायर

मोटारसायकलच्या टायरची निवड ही वरवर पाहता यंत्रशास्त्राची बाब असली, तरी भोपाळसारख्या शहरात, आणि त्यातही तेथील मराठी नोकरदार वर्गात, ती मानसशास्त्राच्या हद्दीत केव्हा शिरते हे टायरच्या दुकानदाराखेरीज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्याचे पाच-सहा दिवस ही गाडी कोलार रोडवरून निघते, वल्लभ भवन, एम. पी. नगर किंवा पिपलानीच्या बाजूला भेलच्या कारखान्यापर्यंत जाते, संध्याकाळी परतताना न्यू मार्केटात कोथिंबिरीसाठी थांबते आणि रात्री जिन्याखाली उभी राहते. उरलेल्या एका दिवशी ती सांची, भोजपूर, भीमबेटका किंवा थेट पचमढीला जाईल अशी तिच्या मालकाची पक्की खात्री असते, आणि टायरचा सारा व्यवहार या खात्रीच्या भरवशावर होतो. सोमवार ते शनिवार चालणाऱ्या गाडीला टायर मात्र रविवारचा बसवला जातो, असे या विषयाचे प्रमेय मांडता येईल. पुढील विवेचन त्याच्या सिद्धतेसाठी आहे.

भोपाळातील मराठी माणसाला स्वारीची परंपरा नाही, असे म्हणायला इतिहासाने जागा ठेवलेली नाही. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने याच शहरालगत निजामाला कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे त्याच्याकडून माळव्याचा तह करून घेतला. त्या मोहिमेत अवजड तोफखाना घेऊन बसलेला निजाम हरला आणि हलक्या सामानानिशी फिरणारे मराठी घोडदळ जिंकले. हा धडा ज्यांनी शाळेत तोंडपाठ केला, तेच पुढे दीडशे सीसीच्या गाडीला शक्य तितका रुंद आणि जड टायर बसवतात, याची संगती कशी लावावी हा इतिहासकारांपुढील प्रश्न आहे. अर्थात आजचा भोपाळी मराठी समाज काही बाजीरावाच्या छावणीतून उतरलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ त्याची राजधानी झाली, आणि तोवर राजधानी असलेल्या नागपुरातून, तसेच ग्वाल्हेर-इंदूरकडून, फायलींबरोबर माणसेही इकडे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागल्याने आणखी काही घरे वाढली. या पहिल्या पिढीचे वाहन सायकल आणि पुढे स्कूटर हे होते. स्कूटरची पुढची, मागची आणि स्टेपनी अशी तिन्ही चाके एकाच मापाची असल्यामुळे तीन टायरांची आळीपाळीने बदली करत एका कारकिर्दीतील बराच काळ काढता येत असे, आणि बदल्यांचे शास्त्र सचिवालयात अवगत झालेलेच होते. मोटारसायकल आली, स्टेपनी गेली, बहुतेक गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांची मापे वेगळी झाली, आणि टायर निवडण्याची पाळी प्रथमच त्या घरांवर आली.

या निवडीसाठी लागणारी बहुतेक माहिती टायरच्या बाजूच्या भिंतीवर उठावाच्या अक्षरांत कोरलेली असते, ही गोष्ट भोपाळात तरी आश्चर्याची वाटू नये. शहरापासून ४५-५० किलोमीटरवर असलेल्या सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यांवर शेकडो छोटे लेख आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होतो हे ओळखून, आणि ती अक्षरे दानाची नोंद असावीत असा तर्क करून, जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. भोपाळचा दुचाकीस्वार रविवारी या लेखांसमोर उभा राहतो, पाटीवरची माहिती मोठ्याने वाचून मुलांना ऐकवतो, आणि ज्या टायरवर बसून तो तेथवर आलेला असतो त्या टायरवरचा लेख मात्र गाडीच्या जन्मापासून अवाचित राहतो.

त्या लेखाचा एक नमुना येथे वाचून पाहणे उचित ठरेल. मागच्या चाकाच्या टायरवर '१००/९०-१७ ५५ पी' असे लिहिलेले असते असे धरू. यातील १०० म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ९० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत, म्हणजे येथे ९० मिलिमीटर. आणि १७ म्हणजे ज्या रिमवर टायर चढतो तिचा व्यास, पण तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात, यावरून हा लेख एका राजवटीत कोरला गेलेला नसावा असा निष्कर्ष निघतो. पुढचा ५५ हा भारांक असून, त्याचा अर्थ योग्य हवा भरलेली असताना हा एक टायर २१८ किलोग्रॅम वजन पेलू शकतो असा आहे. ही मर्यादा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गाडी, चालक आणि त्याच्या मागे बसलेली एक व्यक्ती असावी; सीहोरहून आणलेल्या शरबती गव्हाचे पोते, पोत्याला धरून बसलेली सौभाग्यवती आणि टाकीवर बसवलेले कनिष्ठ चिरंजीव हे त्यांच्या हिशेबात होते किंवा कसे, याचा उलगडा टायरवर होत नाही. शेवटचे 'पी' हे अक्षर वेगाची मर्यादा सांगते आणि ती ताशी १५० किलोमीटर आहे. संध्याकाळी सहा वाजता बोर्ड ऑफिस चौकात उभ्या असलेल्या माणसाला आपला टायर ताशी १५० किलोमीटरपर्यंत सुरक्षित असल्याचे कळले, तर त्याला होणारे समाधान निखळ तात्त्विक स्वरूपाचे असते. तरीही दुकानात यापेक्षा वरचे 'एच', म्हणजे २१० किलोमीटरचे, अक्षर दाखवले गेले की त्याची नजर तेथेच खिळते.

याच भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन टायर तयार झाला तो आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. '१८२४' असे असल्यास तो टायर २०२४ सालच्या अठराव्या आठवड्यात जन्मला. रबर हे वापराने झिजते तसेच नुसते पडून राहिल्यानेही कडक होत जाते, त्याला बारीक भेगा पडतात आणि त्याची पकड उतरते; म्हणून जुना माल घेऊ नये हा सल्ला योग्यच आहे. परंतु मराठी ग्राहकाला हे आकडे कोणीतरी एकदा शिकवले की टायरखरेदीला पत्रिका पाहण्याचे स्वरूप येते. चष्मा वर-खाली करून आकडे वाचले जातात, बोटांवर महिने मोजले जातात, चार महिन्यांचा टायर सात महिन्यांच्या टायरहून किती अधिक टिकेल यावर मुलाशी दबक्या आवाजात मराठीत चर्चा होते, आणि ती कळत नसूनही पूर्ण समजलेला दुकानदार 'भाईसाब, एकदम ताज़ा माल है' असे म्हणून टायर काउंटरवर आपटतो. सात महिन्यांत टायरला काहीही होत नाही. त्याच ग्राहकाच्या पुढच्या चाकात नऊ वर्षांचा टायर असतो, आणि त्याची पत्रिका कधीच मागवली गेलेली नसते.

कंपनीची निवड कशी होते याचा शोध घेऊ लागल्यास संशोधकाला क्रिकेटच्या मैदानावर यावे लागते. के. एम. मम्मन मापिल्लै यांनी १९४६ साली मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे खेळण्यातले फुगे तयार करण्याचा छोटा उद्योग काढला, तोच पुढे एमआरएफ या नावाने टायरांसाठी प्रसिद्ध झाला, आणि ते नाव सचिन तेंडुलकरच्या बॅटवर झळकले. इटलीतील तोरिनो शहरात १९२४ साली स्थापन झालेली आणि १९५८ पासून भारतात असलेली सिएट रोहित शर्माच्या बॅटवर आली. परिणामी मराठी घरात वडील आणि मुलगा यांची टायरविषयक मते रबराचे मिश्रण किंवा नक्षी यांवरून ठरत नाहीत, तर कोणाची फलंदाजी पाहत कोण मोठा झाला यावरून ठरतात. 'बाबा, आता जमाना बदलला' हे वाक्य भोपाळच्या टायरच्या दुकानात उच्चारले जाते, तेव्हा ते तंत्रज्ञानाविषयी नसून सलामीच्या जोडीविषयी असण्याचा संभव अधिक असतो. बॅटवरच्या या दोन नावांपलीकडे टीव्हीएस, जेके, अपोलो, मिशलिन असे आणखी पुष्कळ पर्याय बाजारात असतात, पण त्यांचा विचार करण्याइतके क्रिकेट त्या घरात कोणी पाहिलेले नसते.

खरा प्रश्न रबराचा आणि नक्षीचा असतो. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि अशा दोन तळहातांवर गाडी, माणसे आणि गहू हे सर्व उभे असते. रबर मऊ असेल तर पकड चांगली मिळते आणि टायर लवकर झिजतो. कडक असेल तर टायर दीर्घायुषी होतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. या दोन गुणांचा मेळ घालणे हे टायरकारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम असून, सिलिका मिसळलेल्या रबराने त्यात बरीच प्रगती झालेली आहे. ग्राहकाची मागणी मात्र 'पकड मऊ टायरची, आयुष्य कडक टायरचे आणि किंमत जुन्या टायरची' अशी सरळ असते. खाचांचे मुख्य काम टायरखालून पाणी बाजूला काढणे हे आहे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर खाचा नसल्या तरी फारसे बिघडत नाही, आणि टायर गोटा झाल्यावरही तो 'अजून एक हंगाम काढेल' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने हे अर्धसत्य उभे राहते. उरलेले अर्धे जूनच्या पहिल्या सरीत कळते, कारण महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ त्या सरीत वर येतात, आणि श्यामला हिल्सच्या उतारावर ब्रेक दाबल्यानंतरही गाडी आपला मूळ विचार सोडत नाही. कायद्याने दुचाकीच्या टायरवरील खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. ती मोजता यावी म्हणून खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात आणि त्यांची जागा बाजूच्या भिंतीवर 'टीडब्ल्यूआय' या अक्षरांनी दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना भिडली की टायरची सेवा संपली. प्रत्यक्षात भोपाळच्या मराठी घरात ही सूचना वेगळ्या मार्गाने येते. 'अहो, मागचा टायर पुरा घिसला आहे, आता तरी बदलून घ्या,' असे वाक्य कानी पडते, आणि ते उंचवट्यांच्या मानाने सरासरी दोन महिने आधीच पडलेले असते.

येथून रविवार कारभार हाती घेतो. रोजच्या मार्गावर जे काही आहे, म्हणजे डांबर, सिमेंट, मेट्रोच्या खांबांजवळ टाकलेल्या लोखंडी पत्र्यांच्या कडा, २०१३ साली आलेल्या आणि २०२४ पासून काढून टाकलेल्या बीआरटीएस मार्गिकेच्या खुणा, या सर्वांसाठी साधा रस्त्याचा टायर योग्य असतो. पण दुकानात भिंतीवर टांगलेल्या, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या, बोलीत 'बटन टायर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टायरकडे पाहताच ग्राहकाच्या डोळ्यांपुढे विंध्याचलाच्या रांगा उभ्या राहतात. हे टायर चिखल, वाळू आणि मुरूम यांसाठी बनलेले असून, त्यांचे ठोकळे मऊ जमिनीत रुततात म्हणूनच पकड मिळते. डांबरात ते रुतत नाहीत. रस्त्याला टेकणारे रबर कमी होते, ओल्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागते, ठोकळे भराभर झिजतात, आणि वेग वाढताच चाकातून असा घुमारा निघतो की अरेरा कॉलनीतील कुत्र्यांना त्यात आव्हान ऐकू येते. शिवाय ज्या रविवारसाठी हे सर्व सोसायचे, त्या रविवारचे रस्ते कसे आहेत हेही पाहिले पाहिजे. सांचीपर्यंत डांबर आहे. भोजपूरच्या अर्धवट राहिलेल्या मंदिरापर्यंत डांबर आहे; मंदिर पुरे झाले नाही, रस्ता मात्र पुरा झाला. भीमबेटक्याला महामार्ग सोडून टेकडीवर चढावे लागते, पण तेथेही गुहांच्या जवळपर्यंत पक्का रस्ता गेलेला आहे. या सहलींतील कच्चा भाग म्हणजे काय तो गाडी उभी करण्याची जागा. भीमबेटक्याच्या चित्रगुहा ज्यांनी १९५७ साली जगापुढे आणल्या ते विष्णु श्रीधर वाकणकर तर रेल्वेतून जाताना त्या खडकांकडे पाहून तेथे उतरले आणि पायी गेले, हेही या संदर्भात विसरून चालणार नाही. भारतीय पुरातत्त्वातील एवढ्या मोठ्या शोधाला बटन टायर लागला नव्हता.

काळ्या मातीचा उल्लेख केल्याशिवाय मात्र हे प्रकरण पुरे होत नाही, कारण बटन टायरच्या समर्थकांचा शेवटचा मोर्चा तेथेच असतो. माळव्याच्या बाजूची काळी माती पावसात भिजली की टायरला लपेटून बसते, ठोकळ्यांमधील फटी भरून काढते, मग मडगार्ड आणि चाक यांच्यामधली जागाही भरून काढते, आणि चाक फिरायचे थांबते. अशा मातीत बटन टायरवाला आणि साध्या टायरवाला यांच्यात फरक इतकाच उरतो की पहिल्याने जास्त पैसे दिलेले असतात. काटकीने माती खरवडण्याचे काम दोघांनाही सारखेच करावे लागते.

ज्यांना बटन टायरचा मोह आवरतो त्यांना रुंदीचा आवरत नाही. कंपनीने शंभराचा टायर दिलेला असताना एकशेवीसचा बसवला की गाडी 'मागून भरलेली' दिसते, हे त्यामागील मुख्य कारण असून, ते मागून येणाऱ्यांच्याच सोयीचे आहे, कारण मालकाला आपली गाडी मागून कधी दिसत नाही. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मध्यभाग फुगून वर येतो, रस्त्याला टेकणारा भाग अपेक्षेइतका वाढतच नाही, गाडी वळायला जड होते आणि ॲव्हरेज घटते. ॲव्हरेज घटल्याचे दुःख मराठी माणसाला खोलवर होते. पण त्याचा दोष तो पेट्रोलला देतो.

टायर प्रत्यक्ष चढवला जातो तो प्रसंग पाहण्यासारखा असतो. ट्यूबलेस टायर, म्हणजे ज्यात वेगळी ट्यूब नसून टायरची कडाच रिमला घट्ट बसून हवा धरून ठेवते असा टायर, चढवताना कारागीर कडेला साबणाचे पाणी फासतो, टायरवरचा पिवळा ठिपका, जो टायरच्या सर्वात हलक्या भागाची खूण असतो, वॉल्व्हसमोर आणतो आणि एका दमात हवा सोडतो. साबणाचे बुडबुडे कडेने फुटत राहतात, आणि मग बंदुकीचा बार व्हावा तसे दोन आवाज होऊन टायरच्या दोन्ही कडा जागेवर बसतात. मालक दचकतो, कारागीर दचकत नाही. टायरच्या भिंतीवरील बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी जुळते की नाही हे पाहण्याची हीच वेळ असते, आणि नेमक्या याच वेळी मालक जुना टायर परत दिल्यास किती पैसे कमी होतील याची बोलणी करत असतो.

वस्तुतः त्या जुन्या टायरचे निरीक्षण करणे अधिक उद्बोधक ठरले असते. वळणावर गाडी कलली की टायरच्या कडा रस्त्याला लागतात आणि झिजतात. ती सरळ चालत राहिली की फक्त मध्यभाग झिजतो. भोपाळच्या नोकरदाराचा उतरवलेला टायर मधोमध पाटासारखा सपाट असतो, आणि त्याच्या दोन्ही कडा कोऱ्या करकरीत असतात. इतक्या की कारखान्यातल्या साच्याच्या छिद्रांतून आलेले रबराचे बारीक केस त्यांवर जसेच्या तसे उभे असतात. पचमढीच्या घाटात हा टायर किती वेळा गेला याचा याहून विश्वसनीय दस्तऐवज मिळणे कठीण. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर तयार केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी, म्हणजे कचेरीसाठी नव्हे तर खेळण्यासाठी, असा बचाव रविवारवाद्यांना करता येईल. पण त्या मुलाने सायकल खरोखर चालवली होती.

पंक्चर काढणाऱ्या कारागिराला विचारल्यास तो एका वाक्यात निकाल देतो: कंपनीचेच माप, मधल्या प्रतीचे रबर, रस्त्याची नक्षी, आणि पुढचा टायरही बघून घ्या. या निकालात खोट काढण्याजोगे काही नाही. विशेषतः शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बहुतांश काम तेच चाक करते; मागचा टायर आधी झिजतो म्हणून बदलला जातो, आणि पुढचा झिजत नाही म्हणून वयोमानाने तडकेपर्यंत तसाच राहतो. निकाल फुकट असल्यामुळे त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. यूट्यूबवरील समीक्षक, कचेरीतील सहकारी आणि पुण्याचा भाचा यांचे अभिप्राय घेण्यात आणखी आठवडाभर जातो, आणि शेवटी रोहित शर्माची किंवा तेंडुलकरची सरशी होते.

यानंतर उरते ती हवा. टायरविषयक साऱ्या शास्त्रात सर्वात स्वस्त आणि सर्वात निर्णायक गोष्ट हीच होय. ती कमी असल्यास टायर तापतो, कडांनी झिजतो आणि पेट्रोल जास्त लागते, आणि ती जास्त असल्यास मधोमध झिजतो व खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचवतो. काही दुकानांत नायट्रोजन भरण्याचे वेगळे पैसे घेतले जातात, आणि साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे ऐकल्यावर ग्राहक उरलेल्या २२ टक्क्यांच्या शुद्धतेसाठी ते देतो. दाब किती असावा हे गाडीच्या साखळीच्या झाकणाजवळील पट्टीवर लिहिलेले असते. दीडशे सीसीच्या एखाद्या गाडीला तो पुढे २५, मागे एकटा चालक असल्यास २८ आणि दोघे असल्यास ३२ असा, म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर इतके पौंड, या परिमाणात सांगितलेला असतो, आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळते. तीन आठवडे टायरचा अभ्यास करून आलेला ग्राहक तेथे गाडी उभी करतो, तेथील मुलगा 'कितनी?' असे विचारतो, आणि क्षणभर विचार करून ग्राहक म्हणतो, 'डाल दो, तीस-तीस.' मे महिना असल्यामुळे उन्हात हवा फुगते या समजुतीने तो मुलगा आपल्या अधिकारात दोन्हीकडे दोन-दोन कमी भरतो, आणि त्यामुळे निदान मागच्या चाकात, एकट्याने कचेरीला जाण्यापुरती, कंपनीने सांगितलेली २८ हवा बिनचूक भरली जाते.